पाव मोजमापातून पूर्ण चित्र: मोजलेलं किती, मानलेलं किती?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, झरी जामणी तालुक्यातली एक मुलगी लिहिते: "मी गुडघ्याच्या एमआरआयची दोनेक हजार चित्रं इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि त्यांवर एक जनरेटिव्ह नेटवर्क (नमुने पाहून तशीच नवी चित्रं रचायला शिकणारा संगणकी प्रोग्राम) शिकवलं. मग प्रत्येक चित्राचं फुरिये रूप (चित्राची लहान-मोठ्या लहरींत केलेली फोड) काढून त्यातल्या पाव ओळी ठेवल्या, बाकी टाकल्या. तरी नेटवर्क जवळजवळ हुबेहूब चित्र काढून देतं, पीएसएनआर (मूळ चित्राशी जुळणीचा डेसिबलमधला गुण, जास्त तितका बरा) ३८ च्या वर येतो. माझ्या काकांना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. खुबा दुखतो म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर पहाटेची एसटी धरून नागपूर गाठावं लागलं आणि मशीनमध्ये चाळीस मिनिटं न हलता पडून राहावं लागलं. हे तंत्र वापरून तेच काम दहा मिनिटांत, तेही तालुक्याच्या गावी, का होऊ नये? आमचे सर म्हणतात की हे चित्र काढलेलं नाही, रचलेलं आहे. कोणाचं खरं?"

मी पांढरकवड्याकडचा, म्हणजे तुझा शेजारीच, म्हणून 'तू' म्हणतो. पंधरा वर्षं माझं काम हेच आहे: अपुऱ्या मोजमापातून चित्र उभं करणं. तुझ्या सरांचं अर्धं खरं आहे. तुझ्या चित्रातला काही भाग काढलेला आहे, काही रचलेला. अडचण ही की कुठला भाग कुठला, हे आज तुला सांगता येत नाही, आणि पीएसएनआर तर ते मुळीच सांगत नाही.

घरी शेती असेल, म्हणून पैसेवारीपासून, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजापासून, सुरू करतो. गावातलं प्रत्येक वावर कापून, मळून, तोलून पाहणं कोणाला शक्य नसतं. मग पटवारी, कृषी सहायक, गावातले दोन-चार जण मिळून काही मोजकी वावरं निवडतात, ठरावीक मापाचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून तोलतात, आणि त्यावरून सगळ्या गावाचा आकडा ठरतो. त्याआधी नजरअंदाज पैसेवारी निघालेली असते, मग सुधारित, मग अंतिम. म्हणजे आधी अनुभवाने एक अंदाज मांडायचा आणि मोजणी येईल तसा तो सरकवत जायचा. ज्याला नेटवर्कवाले मोठ्या थाटात सांगतात, ते आपल्याकडे बांधावर उभं राहून होत आलेलं आहे.

एका वर्षी आमचं नाल्याकाठचं दोन एकर ऑगस्टच्या पुरात खरडून गेलं. माती गेली, पऱ्हाटी गेली, गोटे उरले. कापणीसाठी निवडलेली वावरं वरच्या अंगाची होती, तिथे पीक ठीक होतं. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली, म्हणजे कागदावर पीक बरं. बाबा म्हणाले, "आपलं वावर कागदावर हिरवंगार हाय, जाऊन कापून आन." कोणी खोटं काही लिहिलं नव्हतं. मोजलं तिथे बरोबर मोजलं होतं. जिथे मोजलं नाही, तिथे आजूबाजूला पाहून भरलं होतं, आणि नेमकं तिथेच वेगळं घडलं होतं.

तुझं नेटवर्कही हेच करतं. आता एमआरआयकडे येऊ.

मशीन शरीराचा फोटो काढत नाही. ते के-स्पेस नावाच्या तक्त्यात एकेक ओळ भरत जातं. त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा पूर्ण चित्राबद्दल काहीतरी सांगतो: मधल्या ओळी ढोबळ उजेड-अंधार सांगतात, कडेच्या ओळी बारीक कंगोरे. तक्ता पूर्ण भरला की उलटं फुरिये रूपांतर केलं की चित्र मिळतं. वेळ लागतो तो ओळी भरायला, कारण दर ओळीसाठी मशीनला पुन्हा ठोका द्यावा लागतो. समज, ३२० ओळी आहेत आणि तू ८० ठेवल्यास. उरलेल्या २४० ओळींत तू काहीही भरलंस तरी मोजलेल्या ८० ओळी तक्रार करणार नाहीत. त्यांच्याशी शंभर टक्के जुळणारी चित्रं अगणित आहेत. त्यातलं एक निवडायला बाहेरून काही माहिती आणावी लागते. इंग्रजीत तिला प्रायर म्हणतात. मी मराठीत पूर्वग्रह म्हणतो. लोक हसतात, पण शब्द दोन्ही अर्थांनी चपखल आहे.

पूर्वग्रह वापरणं हा काही गुन्हा नव्हे. २००६ मध्ये एमान्युएल कांदेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स ताओ यांनी, आणि वेगळ्या वाटेने डेव्हिड डोनोहो यांनी दाखवलं की चित्र 'विरळ' असेल, म्हणजे योग्य भाषेत लिहिलं की त्यातले बहुतेक आकडे शून्य होत असतील, तर फार थोड्या मोजमापांतून ते नेमकं परत मिळवता येतं. त्यांच्या गाजलेल्या उदाहरणात ५१२ बाय ५१२ चं डोक्याच्या आडव्या छेदासारखं कृत्रिम चित्र फुरिये तक्त्यातल्या फक्त २२ आऱ्यांवरून तंतोतंत उभं राहिलं होतं. याच विचाराची मशीनं २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी घेऊन दवाखान्यांत आली. तिथला पूर्वग्रह साधा आहे: चित्रात सपाट भाग पुष्कळ, कंगोरे थोडे. शेतकऱ्याचं म्हणशील तर 'बांध थोडे, वावरं मोठी', एवढंच. गुडघा कसा दिसतो, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून चुकला की तो चित्र धूसर करतो, तेलकट करतो, पण नवीन हाड उगवत नाही.

जनरेटिव्ह नेटवर्क आल्यावर हा पूर्वग्रह एकदम बोलका झाला. २०१७ मध्येच बोरा, जलाल, प्राइस आणि डिमाकिस यांचं काम आलं, ते तू मुळातून वाच. कल्पना सोपी आहे. एक नेटवर्क घ्या ज्याला शंभर आकडे दिले की ते एक चेहरा काढून देतं. ६४ बाय ६४ चं रंगीत चित्र म्हणजे १२,२८८ आकडे. पण नेटवर्कच्या लेखी चेहऱ्यांची सगळी दुनिया त्या शंभर आकड्यांत मावते. मग १२,२८८ अज्ञात शोधण्याऐवजी शंभरच शोधायचे: नेटवर्कने काढलेलं चित्र त्याच मोजमापातून घालून पाहायचं, आपल्या खऱ्या मोजमापाशी फरक किती पडतो ते बघायचं, आणि तो फरक कमी होईल अशा दिशेने ते शंभर आकडे हळूहळू ढकलत न्यायचे. जुन्या, विरळपणाच्या पद्धतीला जेवढी मोजमापं लागत, त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यात तेवढीच अचूकता मिळाली.

त्याच कामातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. मोजमापं वाढवत नेली तर जुनी पद्धत सुधारत राहते आणि शेवटी नेटवर्कला मागे टाकते. नेटवर्क एका ठिकाणी अडकतं. का? कारण त्याला जे काढताच येत नाही, ते मोजून दाखवलं तरी त्याला काढता येत नाही. त्याच्या शंभर आकड्यांत जखमेचा व्रण नसेल, तर व्रण डोळ्यासमोर ठेवला तरी ते गुळगुळीत गालच काढील. पैसेवारीत निदान एक सोय असते, माणूस जाऊन म्हणू शकतो, "चाला जी, दाखवतो". इथे मोजमाप तेच ओरडून सांगत असतं आणि नेटवर्कला ती भाषाच येत नसते.

याचा जाहीर फजितवाडा २०२० मध्ये झाला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून आलेलं एक नेटवर्क अंधूक चेहऱ्यांतून स्पष्ट चेहरे काढून देत असे. कोणीतरी त्याला बराक ओबामांचा चौकटी-चौकटींचा फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. गणित पाहशील तर बिनचूक: तो गोरा चेहरा पुन्हा अंधूक केला की दिलेल्या फोटोशी जुळत होता. मोजमापाशी इमान राखूनही चित्र खोटं असू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात शिकवायला सापडलेलं नाही.

आता डिफ्युजन मॉडेलं आहेत. २०२० नंतर त्यांनी बाकी सगळ्यांना मागे सारलं. ती शंभर आकड्यांच्या खुंटीला बांधलेली नसतात. निव्वळ खरखरीपासून सुरुवात करतात, दर पावलाला थोडी खरखर काढतात, आणि दर पावलाला मोजमापाकडे थोडी ओढली जातात. त्यामुळे न पाहिलेलं काढायची त्यांची तयारी गॅनपेक्षा, म्हणजे वरच्या चेहरे काढणाऱ्या जातीच्या नेटवर्कपेक्षा, बरीच जास्त असते. २०२१ मध्ये जलाल आणि मंडळींनी मेंदूच्या एमआरआयवर शिकवलेलं असं मॉडेल गुडघ्यावर आणि पोटावरही वापरून दाखवलं, आणि ते बऱ्यापैकी टिकलं. तू अजून गॅन वापरत असशील तर सोड आणि इकडे ये. शिवाय डिफ्युजन मॉडेल एकाच मोजमापातून अनेक चित्रं काढून देऊ शकतं, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

त्याआधी एक कडू गोष्ट. तुझे ३८ डेसिबल खरे नाहीत.

तू चित्रं इंटरनेटवरून घेतलीस. ती जेपेग असणार. म्हणजे कोणीतरी ती आधीच दाबून, बारीक तपशील उडवून ठेवलेली. त्यांचं फुरिये रूप काढून तू 'मोजमाप' म्हणालीस. खरं मोजमाप असं दिसत नाही. खऱ्या के-स्पेसमधले आकडे कॉम्प्लेक्स असतात, त्यांना कला असते, म्हणजे फेज, ती चित्रभर वळत-वाकत जाते. साठवलेल्या चित्रात फेज फेकून दिलेली असते, त्यामुळे तुझा तक्ता मध्यबिंदूभोवती सममित झाला: अर्ध्या ओळी कळल्या की उरलेल्या अर्ध्या फुकटात कळतात. त्यात खऱ्या मशीनमध्ये एक नाही, अनेक कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारे अँटेना, असतात, आणि नॉइज, म्हणजे खरखर, असतो. तू परीक्षेचा पेपर स्वतःच काढलास, तोही उत्तरपत्रिका समोर ठेवून. २०२२ मध्ये शिमरॉन आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला 'डेटाचे गुन्हे' असंच नाव दिलं आणि दाखवलं की अशा तयार चित्रांवर पद्धती आहेत त्यापेक्षा कितीतरी सरस भासतात. मनाला लावून घेऊ नको, माझा पहिला प्रोजेक्ट हाच गुन्हा होता.

उपाय आहे आणि फुकट आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आणि फेसबुकचा संशोधन विभाग यांनी २०१८ मध्ये फास्टएमआरआय नावाचा साठा खुला केला. त्यात दीड हजारांवर गुडघ्यांचं खरं, कच्चं के-स्पेस आहे, १५ कॉइलचं. अर्ज भरला की मिळतं. आकार मोठा आहे. गावच्या नेटवर उतरवायच्या फंदात पडू नको, कॉलेजमध्ये रात्री लाव. चौपट वेगासाठी मधल्या ८ टक्के ओळी पूर्ण ठेवायच्या, आठपटीसाठी ४ टक्के, ही तिथली रीत आहे, ती पाळ, म्हणजे इतरांशी तुलना करता येईल. आणि शिकवायचा-तपासायचा भाग वेगळा करताना माणसागणिक कर, छेदागणिक नको. एकाच गुडघ्याचे शेजारचे दोन छेद दोन्हीकडे गेले की नेटवर्क पाठांतर करतं आणि तुला वाटतं ते शिकलं.

पीएसएनआरबद्दल एक हिशेब स्वतः करून बघ. ३२० बाय ३२० चं चित्र म्हणजे १,०२,४०० पिक्सेल. त्यात ६ बाय ६ ची एक गाठ आहे, आजूबाजूपेक्षा उजळपणात ०.३ ने वेगळी, जिथे पूर्ण पांढरा म्हणजे १. तुझं नेटवर्क बाकी सगळं चित्र तंतोतंत काढतं आणि ती गाठ तेवढी पुसून टाकतं. पीएसएनआर किती येईल? ४५. तुझ्या ३८ पेक्षा भारी. रुग्ण ज्या गोष्टीसाठी एसटी धरून आला, ती गोष्टच नाहीशी झाली आणि गुण वाढले.

ही नुसती कल्पना नाही. मी पूर्वी जिथे होतो तिथे आम्ही गुडघ्याची आठपट वेगाची चित्रं एका गॅनने काढत होतो. दिसायला इतकी सुबक की आम्हीच एकमेकांना दाखवत फिरायचो. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे अशी चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर, मॅडमना वीस जोड्या दिल्या, पूर्ण मोजलेलं आणि आमचं, कुठलं कुठलं ते न सांगता. एका जोडीवर त्या थांबल्या. एका चित्रात गादीला, म्हणजे मेनिस्कसला, आडवी चीर होती. दुसऱ्यात गादी अखंड. अखंड गादी आमची. आणि त्या म्हणाल्या ते मला अजून आठवतं: "धूसर दिलं असतंत तर मी पुन्हा स्कॅन मागवला असता." धूसर चित्र निदान आपलं अज्ञान लपवत नाही. आमचं चित्र छातीठोक होतं. त्या दिवसानंतर मी सुबकपणाला घाबरतो. पुढे २०२० च्या फास्टएमआरआय स्पर्धेतही तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टांनी नसलेल्या रचना उमटल्याची नोंद केली. त्याच वर्षी आंटुन, हान्सन वगैरेंनी दाखवलं की काही नेटवर्कं मोजमापात डोळ्यांना न दिसणारा फरक केला तरी भलतंच चित्र देतात, काहींना छोटा बदल दाखवला तर ती गिळून टाकतात, आणि काहींना मोजमापं वाढवून दिली तर चित्र बिघडतं. हे शेवटचं वाचून मी दोनदा डोळे चोळले होते.

आता तुझ्या काकांचा खुबा. हा भाग नीट वाच, कारण तुझा प्रोजेक्ट इथेच उभा राहील किंवा पडेल.

सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडतं आणि तो आतून मरायला लागतो. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं, म्हणून डॉक्टर नागपूरला पाठवतात. शिवाय या रुग्णांचा हाडातला मगज वेगळा असतो. मोठ्या माणसाच्या लांब हाडांत बहुतेक पिवळा, चरबीचा मगज असतो आणि टी-वन चित्रात, म्हणजे चरबी उजळ दाखवणाऱ्या एमआरआयच्या एका प्रकारात, तो उजळ दिसतो. सिकलसेलमध्ये शरीराला सतत नवं रक्त बनवावं लागतं, म्हणून तांबडा मगज टिकून राहतो किंवा परत येतो, आणि तेच हाड काळपट दिसतं. त्यात जागोजागी जुन्या इन्फार्क्टचे, म्हणजे रक्त न पोचून मेलेल्या भागांचे, डाग.

न्यूयॉर्कमधल्या गुडघ्यांवर शिकलेल्या मॉडेलने असे मगज किती पाहिले असतील? काळपट मगज ही ढोबळ गोष्ट आहे, ती मधल्या ओळींत पकडली जाईल आणि बहुधा वाचेल. पण हाडाच्या गोळ्याच्या कडेला येणारी मेलेल्या भागाची बारीक, नागमोडी सीमारेषा कडेच्या ओळींत असते. नेमक्या त्याच ओळी तू टाकतेस, आणि नेमक्या तिथे मॉडेल आपल्या मनाचं भरतं. ती रेष पुसली जाईल की नसलेल्या ठिकाणी उमटेल, हे चालवून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. २०२३ मध्ये देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आपला यवतमाळ, सगळीकडे रक्ताच्या तपासण्या होतात. खुब्याच्या कच्च्या के-स्पेसचा साठा मात्र माझ्या माहितीत कोणी बाजूला काढून ठेवत नाही, कारण मशीन चित्र बनवून कच्चा माल पुसून टाकतं. तुझ्यासारख्या कोणी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला विनंती करून, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, रुग्णांची ओळख काढून टाकून पन्नास खुब्यांचा कच्चा माल जमवला, तर ते काम कुठल्याही नव्या नेटवर्कपेक्षा मोलाचं ठरेल. हे माझं मत आहे. नेटवर्क लिहिणारे पोतंभर आहेत.

मग तपासायचं कसं? मी चार गोष्टी करतो, पण सगळ्यांवर माझा सारखा भरवसा नाही.

पहिली अगदी प्राथमिक: उत्तरातलं चित्र पुन्हा मोजमापातून घाल आणि फरक नॉइजएवढा आहे का बघ. जास्त असेल तर नेटवर्क ऐकत नाही. खूपच कमी असेल तर ते नॉइजलाही शरीर समजून बसलं. ओबामांचं उदाहरण आठव: ही परीक्षा पास होणं पुरेसं नाही, नापास होणं मात्र पुरेसं आहे.

दुसरी मला सगळ्यात आवडते आणि फार कमी लोक करतात. मोजलेल्या ८० ओळींतल्या सहा-सात कडेच्या ओळी नेटवर्कपासून लपवून ठेव. चित्र काढून घे. मग त्या चित्रावरून लपवलेल्या ओळींचं भाकीत कर आणि खऱ्या ओळींशी ताडून बघ. यासाठी पूर्ण चित्र हाताशी असावं लागत नाही, म्हणजे ही परीक्षा उद्या खऱ्या दवाखान्यात, खऱ्या रुग्णावरही घेता येते. पटवाऱ्याच्या अंदाजाची परीक्षा घ्यायची तर त्याला न सांगता एक जास्तीचं वावर कापायचं, तसं.

तिसरी, एकाच मोजमापातून डिफ्युजन मॉडेलकडून तीस-चाळीस चित्रं काढून घे आणि दर पिक्सेलला ती किती हेलकावतात त्याचा नकाशा कर. जिथे चाळीसही चित्रं एकमुखाने बोलतात तिथे मोजमापाची पकड आहे, जिथे प्रत्येक वेगळं बोलतं तिथे रचना आहे. हा नकाशा रेडिओलॉजिस्टच्या हातात चित्राबरोबर द्यायलाच हवा, असं मी भांडून सांगतो. पण एक खोच आहे. चाळीसही चित्रं एकाच पूर्वग्रहाची पोरं आहेत. त्यांचं एकमत म्हणजे सत्य, असं नाही. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, तेव्हा त्या लोकांनी चार गट केले, एकमेकांची चित्रं पाहू दिली नाहीत, वेगवेगळ्या पद्धती वापरल्या, आणि चौघांनाही कडं दिसल्यावरच विश्वास ठेवला. तेही अपुऱ्या फुरिये मोजमापाचंच गणित होतं, पृथ्वीभर विखुरलेल्या मोजक्या दुर्बिणींचं. तूही दुसरा साक्षीदार म्हणून जुनी विरळपणाची पद्धत शेजारी चालव.

चौथी, मुद्दाम पेरणी. खऱ्या पूर्ण चित्रात छोटा डाग, बारीक रेष पेर. आकार आणि ठळकपणा बदलत जा, आणि किती बारीक झाल्यावर नेटवर्क ते गिळतं ते मोज. शेवटी तुला एक वाक्य लिहिता आलं पाहिजे: चौपट वेगाला इतक्या मिलीमीटरपर्यंतचं दिसतं, आठपटीला इतकंच. हे वाक्य प्रोजेक्टच्या अहवालात असेल तर पीएसएनआर परिशिष्टात टाकलास तरी चालेल.

कच्चं के-स्पेस मिळवताना वर्ष जाईल अशी भीती वाटत असेल, तर तेच गणित घराच्या जवळ आहे. सेंटिनेल-दोन उपग्रहांची जोडी १० मीटरच्या तपशिलाने दर पाच दिवसांनी झरी जामणीवरून जाते, चित्रं फुकट आहेत. पण जुलै-ऑगस्टमध्ये पाहायला जाशील तर नुसते ढग. ढगाखालचं वावर भरून काढणं हाही अपुऱ्या मोजमापाचाच प्रश्न, आणि मोहही तोच. २०२३ च्या खरिपात आपल्याकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, हिरवी वावरं आठवड्याभरात पिवळी पडली. आधीच्या वर्षांवर शिकवलेल्या मॉडेलला ढगाखालचा तुकडा भरायला दे, ते हिरवा भरेल. तिथे मग सेंटिनेल-एकचं रडार घे, ते ढगातून पार जातं. रंग दिसणार नाही, पण ओलावा आणि पिकाची ठेवण कळेल. थोडं का होईना, खरं मोजमाप वाढव. आणि तपासायला तिकीट काढावं लागत नाही, सायकलवर जाऊन वावर बघता येतं.

तालुक्याच्या गावी झटपट एमआरआयचं म्हणशील, तर वेळ हा त्यातला लहान अडथळा आहे. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीन म्हणजे हेलियम, थंडावा, न जाणारी वीज, तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारा माणूस. ०.०६४ टेस्लाचं चाकांवरचं मशीन २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी घेऊन आलं. ते साध्या प्लगवर चालतं, पण डोक्यासाठी आहे, खुब्यासाठी नाही. चुंबक तेवीस पटींनी कमकुवत, म्हणून सिग्नल क्षीण आणि खरखर जास्त. तिथे नेटवर्कची मदत लागणारच, पण मोजमाप जेवढं अशक्त तेवढा पूर्वग्रहाचा वाटा मोठा. मोठ्या मशीनमध्ये आज जी नेटवर्कं बसवलेली असतात, ती बहुतेक मोजमापाला घट्ट बांधलेली असतात. कंपन्या भित्र्या आहेत म्हणून नव्हे, त्यांनी हे चटके आधी खाल्ले आहेत.

काकांपुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एक विचारून बघ. मी डॉक्टर नाही, निर्णय त्यांचा. खुब्याचा गोळा आतून मरतोय का एवढंच पाहायचं असेल, तर दोन्ही खुब्यांचे समोरून घेतलेले टी-वन आणि स्टिर (यात चरबीचा उजेड दाबलेला असतो) असे दोनच सिक्वेन्स, म्हणजे चित्रं घ्यायचे प्रकार, पुरतात का? बऱ्याच ठिकाणी असा छोटा स्कॅन करतात. तो पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, आणि त्यातली ओळ न ओळ मोजलेली असते.